अंबाबाई बेटावर जातात

एकोणीसशे छप्पन सालच्या जानेवारीत सौंसरला भगवंतराव गाकऱ्यांच्या घरची चूल दिवसभर पेटलेली असायची. राज्यांच्या नव्या सीमा ठरत होत्या. छिंदवाडा जिल्हा नव्या मध्य प्रदेशात जाणार, अशी बातमी होती. मग जिल्ह्यातल्या सौंसर-पांढुर्ण्याच्या मराठी मुलखानं काय करायचं? नागपूरसोबत जायचा हट्ट धरायचा, की जिल्ह्यासोबत राहायचं? यावर रोज बैठका बसत आणि त्या भगवंतरावांच्याच ओसरीवर बसत. त्यांची कापसाची जिनिंग होती, संत्र्यांचे बगीचे होते, गावात वजन होतं आणि मुख्य म्हणजे ते कोणालाच नाही म्हणत नसत. त्यामुळे दोन्ही बाजूंना ते आपले वाटत.

आलेल्यांचा चहा, फराळ, लांबून आलेल्यांचं जेवण हे सगळं त्यांच्या पत्नी अंबाबाईंकडे होतं. त्यात संक्रांतीचं हळदीकुंकू सुरू झालेलं. पुढच्या दारानं पुढारी आणि मागच्या दारानं बायका.

एका दुपारी ओसरीवर आवाज चढले. नागपूरवाल्यांचे पुंडलिकराव मांडीवर थापा मारून बोलत होते. समोरचे तितक्याच जोरात उत्तर देत होते. कोणीतरी आत ओरडून सांगितलं, "वहिनी, अजून बारा कप चहा!" अंबाबाई चुलीपुढून उठल्या. पातेल्यातलं आधण त्यांनी निखाऱ्यांवर ओतलं. पदर खोचला आणि ज्या ओसरीवर पुरुष बसलेले असताना त्या कधी आल्या नव्हत्या, तिथे येऊन उभ्या राहिल्या.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "तुमाले जिथी रेघ ओढायची तिथी ओढा. पन आज या घरची चूल बंद आहे."

पुंडलिकरावांनी नुसतीच मान हलवली. भगवंतराव उठून काही बोलणार तोवर अंबाबाई आत निघून गेल्या होत्या.

संध्याकाळी त्यांनी मुलीला हाक मारली. वच्छला त्यांची एकुलती एक मुलगी. चोविशीची, नागपूरला शिकलेली, आणि मागच्या वर्षी वैमानिकाचा परवाना मिळवलेली.

"वच्छे, तुह्या इमानात किती जनं बसते?"

"तीन बसतात आई."

"दोनच पुरे. मले कुठीतरी ने. जिथी कोनी काहीच मांगनार नाही अशा जागी."

विमान खरं म्हणजे भगवंतरावांचं होतं. लढाई संपल्यावर लष्कराचं उरलेलं सामान लिलावात निघालं, तेव्हा ते जिनिंगसाठी दोन ट्रक घ्यायला गेले होते. ट्रकांसोबत एक लहानसं ऑस्टर विमानही घेऊन आले. पंख वरच्या बाजूला, पुढे दोन जागा, मागे एक. विकत घेतलं तेव्हा सारं सौंसर बघायला लोटलं होतं. भगवंतराव पाहुण्यांना ते अभिमानानं दाखवत, पंखावर हात फिरवत, पण आत बसायची वेळ आली की त्यांना कसलंतरी काम आठवे. विमान नागपूरच्या फ्लाइंग क्लबकडे वापरायला गेलं, त्याची देखभाल तिथे होऊ लागली, आणि तिथेच वच्छला उडायला शिकली. आता ती नागपूरहून सौंसरपर्यंत त्या विमानानंच यायची आणि घराच्या मागच्या पडीक वावरात उतरायची. पहिल्यांदा उतरली तेव्हा गावातले बैल बुजले होते. आता बैलही मान वर करत नसत.

कुठं जायचं हे वच्छलानं लगेच ठरवलं. तिची वसतिगृहातली मैत्रीण छाया लग्न होऊन होशंगाबादला होती. नवरा वनखात्यात होता. त्यांच्या जवळच नर्मदेच्या पात्रात एक मोठं बेट होतं. पावसाळ्यात अर्धं बुडायचं, आणि थंडीत त्याच्यावर वाळलेल्या गाळाची लांब, सपाट पट्टी उघडी पडायची. वच्छला मागच्या हिवाळ्यात क्लबच्या शिक्षकांबरोबर तिथे एकदा उतरली होती. तिनं छायाला तार केली. छायाच्या नवऱ्यानं नावेतून जाऊन पट्टी तपासली, जमीन कडक आहे असं कळवलं आणि वनखात्याचा एक तंबूही तिथे लावून दिला.

भगवंतरावांना हे कळलं तेव्हा ते जेवत होते. हातातला घास तसाच राहिला.

"त्या डब्यात बसून माही बायको जाऊन नाही राहिली," ते म्हणाले.

"जाऊन राहिली," अंबाबाई म्हणाल्या आणि त्यांना भाकरी वाढली.

"अवं, अन् घर? एवढी मानसं येऊन राहिली रोज!"

"वरकामाची कलाबाई आहे न. तिले सांगतलं, तुमच्यापुरतं करजो. बाकीच्यायले आपापल्या घरून खाऊन या म्हना."

भगवंतरावांनी मुलीकडे पाहिलं. "तुले भरवसा आहे?"

"आहे बाबा. नसता तर आईला नेलं नसतं."

दुसऱ्या दिवशी कोवळ्या उन्हात दोघी निघाल्या. जिनिंगचे मिस्त्री नत्थूजी यांनी पंखा फिरवून इंजिन चालू करून दिलं. भगवंतराव वावरात आलेच नाहीत. डोकं दुखतं म्हणून घरात राहिले.

विमान उचललं गेलं तेव्हा अंबाबाईंनी समोरची पट्टी घट्ट धरली होती. मग हळूहळू हात सैल झाला. त्या काचेला नाक लावून खाली पाहू लागल्या. संत्र्यांच्या बागा हिरव्या चौकडीसारख्या, मधे फुटलेल्या कापसाची पांढरी वावरं, आणि एका कोपऱ्यात लाल कौलांचं घर.

"थे आपलं घर?" त्यांनी ओरडून विचारलं.

"हो!"

"एवढंसं?" अंबाबाई म्हणाल्या, आणि मोठ्यानं हसल्या. इंजिनाच्या आवाजात हसू ऐकू आलं नाही, पण वच्छलाला त्यांचे खांदे हलताना दिसले.

पांढुर्ण्याला रेल्वेचा रूळ लागला. पुढचा सगळा रस्ता त्याच्याच अंगानं होता. खाली जाम नदी आणि तिच्या पलीकडे सावरगाव दिसलं. सावरगाव म्हणजे अंबाबाईंचं माहेर. वच्छलानं न विचारता गावावरून एक गोल चक्कर मारली. अंगणात धान्य वाळवणारी एक बाई सूप टाकून वर पाहत राहिली. मग आमला आलं, बैतूल आलं, सातपुड्याची काळी झाडी आली. डोंगरावर हवा उसळली आणि विमान दोनदा हिंदकळलं. अंबाबाईंनी मुलीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ती शांतपणे विमानाचा दांडा सावरत होती, जशा त्या स्वतः उतू जाणारं दूध सावरत. त्या पुन्हा खिडकीकडे वळल्या.

इटारसी मागे पडलं तशी नर्मदा दिसली. बेटावर छायानं खूण म्हणून पांढरी चादर अंथरून ठेवली होती. वच्छलानं एकदा पट्टीवरून अगदी कमी उंचीवर फेरी मारली, वारा पाहिला आणि विमान अलगद टेकवलं. इंजिन बंद झालं. त्यानंतर अशी शांतता पसरली, की आपल्या कानात काही बिघडलं असावं असं अंबाबाईंना आधी वाटलं.

छाया नावेतून येऊन भेटून गेली, धान्य आणि लाकडं ठेवून गेली. मग दोघीच उरल्या. अंबाबाई तंबूत आडव्या झाल्या त्या दुसऱ्या दिवशी सूर्य वर आल्यावर उठल्या. वच्छलानं खिचडी केली होती. थोडी करपली होती. अंबाबाईंनी ती दोनदा मागून घेतली.

"मी कोनाच्या हातचं ऊन ऊन खाल्लं त्याले किती साल झाले असतीन," त्या म्हणाल्या.

दुपारी ऊन चांगलं तापलं तेव्हा वच्छला विमानाच्या सावलीत पुस्तक वाचत पडली होती. पाण्याचा आवाज आला म्हणून तिनं मान वळवली. किनाऱ्यावर आईच्या चपला होत्या आणि आई नव्हती. ती धावत सुटली. काठाशी जाऊन पाहते तर अंबाबाई कासोटा घालून पात्रात मधोमध, हात लांब टाकत, प्रवाहाला तिरकं छेदत निघाल्या होत्या.

"आई! अगं आई!"

अंबाबाई वळल्या, सावकाश परत आल्या, कमरेएवढ्या पाण्यात उभ्या राहून केस पिळू लागल्या.

"तुला पोहता येतं?"

"सावरगावची पोरगी मी. जामले पूर आला की आमी पोरी पलीकडे जाऊन पांढुर्ण्याचे पेरू तोडून आनत होतो."

"मला कधी सांगितलं नाहीस!"

"तू कधी इचारलं? अन् सौंसरच्या घरी मी कायच्यात पोहू? हौदात?"

वच्छलाला आपल्या आईचा, आपल्याला अजिबात माहीत नसलेला एक तुकडा त्या पाण्यात दिसला. तिला गंमत वाटली आणि थोडं वाईटही वाटलं. दुसऱ्या दिवशी अंबाबाईंनी तिलाही पाण्यात ओढलं. आकाशात बिनधास्त फिरणारी मुलगी छातीएवढ्या पाण्यात आईच्या गळ्याला मिठी मारून किंचाळत होती. अंबाबाई म्हणाल्या, "मी बसली न तुह्या भरवशावर इमानात? मंग सोड आता माही मान." वच्छलानं मान सोडली. दोन हात मारले, नाकातोंडात पाणी गेलं, आणि पुन्हा मारले.

पलीकडच्या काठावर टरबूज लावणाऱ्या केवटांची, नावाड्यांची, वस्ती होती. तिथल्या बाया नावेतून विमान पाहायला आल्या. एकीनं अंबाबाईंना विचारलं, "बाई, जे उडनखटोला तुमाओ है का?"

"मेरे लडकी का है," अंबाबाई आपल्या सौंसरी हिंदीत म्हणाल्या. "वोच चलाती."

बाया वच्छलाकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी टोपलीतून आणलेले मासे पुढे केले.

परत निघायच्या आदल्या रात्री मावठ्याचा पाऊस आला. सकाळी उघडीप झाली, पण गाळाची पट्टी चिखल झाली होती. विमानाची चाकं अर्धी रुतली होती. वच्छला पट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली. चपला हातात घ्याव्या लागल्या. परत आली तेव्हा तिचं ठरलेलं होतं.

"आज निघता येत नाही. वाळल्याशिवाय मी उडणार नाही."

"बरं झालं," अंबाबाई म्हणाल्या.

छायाकडून सौंसरला तार गेली: दोघी खुशाल, विमान चिखलात, यायला उशीर. तारेतला 'खुशाल' हा शब्द भगवंतरावांनी वाचलाच नाही. ते बसनं पांढुर्ण्याला आले, मिळेल ती गाडी धरून होशंगाबादला उतरले, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी एका नावेत कोट, टोपी, छत्री अशा थाटात ताठ बसून बेटाच्या दिशेनं येताना दिसले.

काठावर उतरून पाहतात तर अंबाबाई ओले केस पाठीवर सोडून केवटांच्या आठ-दहा माणसांना कामाला लावत होत्या. माणसं झाऊच्या झुडपांच्या फांद्या तोडून आणत होती, बाया त्या पट्टीवरच्या ओल्या जागी अंथरून पायांनी तुडवत होत्या.

"इथी अजून एक थर, भाऊ! हां, वहाँ दबाव!" मग त्यांचं लक्ष नवऱ्याकडे गेलं. "अवो, तुमी काऊन आले?"

"काऊन आले म्हंते! जीव टांगनीले लागला माहा!" भगवंतरावांचा आवाज चिरकला. "चाल, सामान बांध. संध्याकाळच्या गाडीनं जाऊ. रविवारी मोठी सभा आहे, मले अध्यक्ष केलं."

"तुमी जा. मी नाही येत."

"म्हंजे?"

"मले अजून राहाचं आहे इथी."

भगवंतराव मुलीकडे वळले. ती जमिनीवर टाच मारून ओल तपासत होती.

"बाबा, मीच सांगणार होते," ती म्हणाली. "पट्टी अर्धीच वाळली आहे. दोन माणसं आणि सामान घेऊन एवढ्या जागेत विमान उचलणार नाही. उद्या मी एकटी उडवून नेते. सामान, जास्तीचं पेट्रोल सगळं इथे ठेवून. आईला नंतर गाडीनंच यावं लागेल."

"एकटी? अन् नाही उचललं तं?"

"अर्ध्या पट्टीपर्यंत उचललं नाही तर मी थांबवीन. तिथे मी फांदीला लाल फडकं बांधलं आहे. त्याच्यापुढे थांबायला जागा ठेवली आहे."

भगवंतराव पट्टीवरून चालत त्या फडक्यापर्यंत गेले, तिथे बराच वेळ उभे राहिले, आणि परत येऊन कोट काढून तंबूच्या दोरीवर टाकला. मग धोतर वर खोचून तेही फांद्या तुडवू लागले. अंबाबाईंनी त्यांना कुठे तुडवायचं ते सांगितलं.

संध्याकाळी तिघं शेकोटीपाशी बसली. भगवंतराव विमानाकडे पाहत होते.

"वच्छे," ते म्हणाले, "मी त्याच्यात आजवर काऊन नाही बसलो, ठावूक आहे?"

"नाही बाबा," वच्छला म्हणाली.

"मले भेव लागते."

"तिले ठावूक आहे," अंबाबाई म्हणाल्या. "मले ठावूक आहे. साऱ्या सौंसरले ठावूक आहे."

भगवंतराव आधी ओशाळले, मग त्यांना हसू फुटलं. "मंग माह्यासमोर कोनी बोलत काऊन नाही?"

"तुमी घरचे मालक न. अन् आमाले तुमचा मान ठेवा लागते."

सकाळी धुकं निवळल्यावर वच्छला तयार झाली. चाकं मोकळी करून विमान पट्टीच्या टोकाला ढकलून आणलं होतं. पण एक अडचण होती. पंखा हातानं फिरवताना आत कोणीतरी ब्रेक दाबून आणि दांडा पोटाशी ओढून बसायला हवं होतं. सौंसरला नत्थूजी होते. इथे पंखा तिलाच फिरवावा लागणार होता. आईला बसवून पाहिलं, पण अंबाबाईंचे पाय पोचेनात.

"बाबा, तुम्ही बसा."

"मी?"

"जमिनीवरच आहे विमान. इंजिन लागलं की मी चढते, तुम्ही उतरा."

भगवंतरावांनी टोपी नीट केली. पायरीवर पाय ठेवला, थांबले, आणि आत बसले. आठ वर्षांत आपल्याच विमानात पहिल्यांदा. दोन्ही पायांनी ब्रेक दाबून धरले. वच्छलानं पंखा ओढला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा इंजिन धडधडलं, सगळं विमान थरारलं, आणि उघड्या दारातून भगवंतरावांची टोपी उडून नर्मदेत गेली. ते हलले नाहीत. दांडा पोटाशी तसाच घट्ट धरलेला.

वच्छला वळसा घालून आली. "बाबा, झालं. उतरा."

"चालून राहिलं न बरोबर?" त्यांनी ओरडून विचारलं.

"एकदम बरोबर!"

"मंग ठीक आहे," ते म्हणाले आणि उतरले, पण उतरल्यावरही पंखाखालच्या तिरप्या दांडीला हात लावून क्षणभर उभे राहिले.

वच्छलानं इंजिनाचा जोर पूर्ण वाढवला आणि ब्रेक सोडले. पहिला भाग जड गेला, चाकं ओढ खात होती. फांद्यांवरून विमान खडखडत गेलं. मग शेपूट उचललं गेलं, वेग चढला, लाल फडकं समोरून झपाट्यानं जवळ येऊ लागलं. तिनं डोळे त्याच्यावर ठेवले. फडक्याच्या बऱ्याच अलीकडे जमिनीची धडधड एकाएकी थांबली. खाली पाणी चमकलं, केवटांची वस्ती गेली, झाडांचे शेंडे गेले. तिच्या तोंडून आनंदानं एक शीळ निघाली. विमानात शीळ ऐकायला कोणीच नव्हतं.

तिनं वळून बेटावरून एक फेरी मारली. खाली दोघं शेजारी शेजारी उभी होती. आई दोन्ही हात हलवत होती. बाबा बोडक्या डोक्यानं वर पाहत होते, एक हात कपाळावर आडवा धरून, आणि विमान डोंगराकडे वळेपर्यंत त्यांनी तो खाली घेतला नाही. आजवर ती निघाली की ते घरात जाऊन बसत; तिला उडताना ते पहिल्यांदाच पाहत होते.

सौंसरला उतरली तेव्हा पुंडलिकराव चार माणसांसह ओसरीवर बसलेले होते.

"भगवंतराव कुठी आहेत?" त्यांनी विचारलं.

"नर्मदेवर. बेटावर."

"अन् रविवारची सभा?"

"ते काही बोलले नाहीत. मी निघाले तेव्हा नावेत बसून मासे धरायला जायच्या गोष्टी करत होते."

पुंडलिकरावांनी उठून उपरणं झटकलं. "मंग मीच होतो अध्यक्ष," ते म्हणाले, आणि वच्छलाला वाटलं की त्यांना ते हवंच होतं. सभा जोरदार झाली. पुढे नोव्हेंबरात सीमा आखली गेली ती सौंसर आणि नागपूरच्या मधूनच. पुंडलिकराव नंतर पुष्कळ वर्षं ती बदलावी म्हणून अर्ज करत राहिले. भगवंतरावांनी त्यांच्या प्रत्येक अर्जावर सही केली, पण बैठका आता जिनिंगच्या आवारात घ्यायला सांगितल्या.

दोघं परतली ती आठवड्यानं, गाडीनं, पांढुर्ण्याला उतरून. भगवंतरावांचं नाक उन्हानं सोललं होतं. अंबाबाईंनी घरात पाऊल टाकताच कलाबाईला सांगितलं, की उद्यापासून दुपारचा चहा एकदाच होईल, ज्याला हवा त्यानं वेळेवर यावं. कोणी हरकत घेतली नाही.

त्या फेब्रुवारीत एका सकाळी भगवंतरावांनी वच्छलाला वावरात गाठलं आणि इकडेतिकडे पाहत विचारलं, "पांढुर्ण्यापर्यंतच जाऊन येऊ. जमते?" ती त्यांना घेऊन गेली. त्यांनी जाताना डोळे मिटून घेतले आणि येताना उघडले.

पुढच्या जानेवारीत अंबाबाई पुन्हा बेटावर गेल्या. या वेळी त्यांनी आपल्या धाकट्या जावेला, जयवंताबाईंना, सोबत घेतलं. जयवंताबाईंना पोहता येत नव्हतं, उंचीची भीती होती, आणि घर सोडून त्या कधी गावाजवळच्या जामसांवलीच्या मारुतीपलीकडे गेल्या नव्हत्या. पंधरा दिवसांनी वच्छला न्यायला गेली तेव्हा त्या टरबुजाच्या वाडीत केवटणींसोबत वेल सारखे करत बसल्या होत्या. त्यांनी वच्छलाला लांबूनच ओरडून सांगितलं, "आज नोको नेऊ, परवा ये!"